हात रुसला, खेळ नाही!

३ ऑक्टोबर २०००. अमेरिकेतले सेंट लुईस शहर. कार्डिनल्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज या बाद फेरीच्या सामन्यात चेंडू होता अवघ्या एकवीस वर्षांच्या रिक अँकिलच्या हाती. त्या मोसमात ११ विजय आणि १९४ बळी मिळवणारा हा डावखुरा पिचर म्हणजे संघाचा लाडका हिरा!

तिसऱ्या डावात मात्र विपरीत घडले. साडेसाठ फुटांवर बसलेल्या कॅचरच्या हातात चेंडू देणे, हे त्याचे रोजचे काम. पण चेंडू कधी डोक्यावरून, कधी भलतीकडेच जाऊ लागले. एकाच डावात पाच वाइल्ड पिच! असे १८९० नंतर प्रथमच घडत होते. हात दुखत नव्हता, खांदा ठणठणीत होता. बिघडले होते ते मनातले काहीतरी. खेळाडू याला 'यिप्स' म्हणतात आणि त्याचे नाव काढायलाही घाबरतात.

नंतरची चार वर्षे त्याने या अदृश्य शत्रूशी झुंज दिली. मानसतज्ज्ञ झाले, कनिष्ठ संघांतली उमेदवारी झाली, कोपराची शस्त्रक्रियाही झाली. २००१ मध्ये तर त्याने सामन्याआधी चक्क व्होडका घेतली होती. आपल्या आत्मकथनात त्याने हे प्रांजळपणे कबूल केले आहे. २००४ मध्ये तो परतला, बराही खेळला. पण प्रत्येक चेंडूमागची ती धास्ती काही जाईना. मार्च २००५ मध्ये त्याने जाहीर केले, 'पिचिंग बंद!'

वय पंचवीस. आता करायचे काय? अँकिलने बॅट हाती घेतली. मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा आऊटफिल्डर व्हायचे त्याने ठरवले. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा! गोलंदाजाने तिशीच्या उंबरठ्यावर फलंदाज व्हावे, तसाच हा प्रकार. त्यात गुडघ्याच्या दुखापतीने २००६ चे वर्ष वाया गेले.

९ ऑगस्ट २००७ रोजी तो त्याच सेंट लुईसमध्ये आऊटफिल्डर म्हणून उतरला आणि सातव्या डावात तीन धावांचा होमरन ठोकला. प्रेक्षक वेडे झाले. पुढच्याच महिन्यात, २००४ मध्ये त्याने वाढ-संप्रेरकाची औषधे घेतल्याची बातमी आली. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली, असे त्याचे म्हणणे. कारवाई झाली नाही, पण आनंदात मिठाचा खडा पडलाच.

२००८ मध्ये त्याने २५ होमरन मारले. पण खरी गंमत त्याच वर्षी ६ मे रोजी डेन्व्हरच्या मैदानावर घडली. दूरवरच्या सेंटर फिल्डमधून त्याने दोनदा चेंडू थेट तिसऱ्या बेसवर फेकला आणि दोघांना बाद केले. साडेसाठ फुटांवर दगा देणारा तोच हात, शेकडो फुटांवरून अचूक!

२०१३ मध्ये तो थांबला, तेव्हा नावावर ७६ होमरन होते. कारकिर्दीत पिचर म्हणून दहाहून जास्त विजय आणि पन्नासहून जास्त होमरन, असा जोडहिशेब त्याच्याआधी बेब रूथसारख्या दिग्गजाचाच होता.

आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, पुन्हा बाद फेरीत, अकराव्या डावात त्याने मारलेला विजयी होमरन थेट मैदानाबाहेर खाडीच्या पाण्यात जाऊन पडला. त्या दिवशी त्याच्या अंगावर जर्सी होती अटलांटा ब्रेव्हजची!