वर्णाचा रकाना

बारामतीच्या वधू-वर परिचय मेळाव्यात अर्ज भरून घेण्याचे काम आमच्याकडे असते. आठवडाभर कचेरीत रकाने भरणारा माणूस, म्हणून मंडळाने रविवारीही तेच दिले! नाव, वय, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली 'वर्ण'. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. हा शब्द आपल्याच अर्जात कसा राहिला, याचा विचार आम्ही कित्येक वर्षे केला नाही.

दोन वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातून एक माउली मुलीला घेऊन आली. गाव उजनीच्या पाण्यात गेलेले कुटुंब. आई सावळी, उन्हात राबलेली, मुलगी डी.एड., गोरी, घाऱ्या डोळ्यांची. मुलाकडच्यांना ती पसंत पडली. पण चहा घेताना मुलाच्या आत्याने विचारलेच, "आईबाप असे, मग पोरगी ही कुणावर गेली?" दोघे-तिघे हसले. मुलीने मान खाली घातली. आई म्हणाली, "आत्याबाई, ही जन्मली तवापासून गाव हेच इचारतंय. आज आपल्या माणसांनी इचारलं." कप तसाच ठेवून ती उठली. आम्ही हातात पेन घेऊन बसून राहिलो.

वस्तीतल्या बाईचे मूल गोरे निघाले की वाड्याकडे बोट दाखवायचे, ही गावाची जुनी खोड. सत्तेच्या जोरावर अत्याचार झाले नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण गोरेपणा आपल्या घरात सरळ मार्गाने येऊच शकत नाही, असे आपणही मानू लागलो, याचे काय करायचे?

हा समज पसरवायला साहेबांचाही हात लागला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून सांगितले, की जात जितकी वरची तितके नाक अरुंद. म्हणजे जात हा वंशाचाच भेद. बाबासाहेबांनी हे कधी मानले नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच त्यांनी सांगितले, की इथली माणसे अनेक वंशांच्या मिश्रणातून झालेली आहेत आणि जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, हे त्यांनी दाखवले. आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकाचीच मापे घेऊन रिस्लेचे म्हणणे त्याच्यावरच उलटवले. ज्याची फूटपट्टी, त्याच्याच पाठीवर!

पुढे रक्तातील जनुके तपासता येऊ लागली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००९ व २०१३ मध्ये मांडले, की इथले जवळजवळ सर्व समूह प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात ही सरमिसळ मोठ्या प्रमाणावर झाली आणि नंतर लग्ने आपापल्यातच होऊ लागली. आधी माणसे मिसळली, भिंती मागाहून आल्या. आमचा मेळावाही एका समाजापुरताच, हे नाकारून कसे चालेल?

रंगाचे म्हणाल तर तो एका जनुकावर ठरत नाही, अनेकांवर ठरतो. पणजीकडचे काही आई-बापात झाकलेले असते, ते लेकरात उघड होते. सावळ्या जोडप्याला उजळ मूल होते, उजळ जोडप्याला सावळे. यात चौकशी करण्यासारखे काही नाही.

त्या माउलीकडे आम्ही पुढच्या महिन्यात इंदापूरला गेलो, माफी मागायला. "जयभीम भाऊसाहेब," म्हणून तिने पाट दिला, पण बोलणे बेताचेच. मुलगी शाळेतून आली, पाणी दिले आणि विचारले, "सर, तो रकाना तुमच्या मंडळानेच छापलाय ना?"

आम्ही बैठकीत विषय मांडला. वादावादी झाली, "मग बघायला येणाऱ्यांना कळणार कसं?" असेही एक ज्येष्ठ म्हणाले. शेवटी यंदाच्या अर्जातून 'वर्ण' गेला. मेळाव्यात पहिलाच अर्ज आला तो एका शिक्षकाचा. 'इतर माहिती' या ठिकाणी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : मुलगी गोरी आहे.