काळी एकचा षड्ज

डोंबिवलीतल्या ज्या घरांतून मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिका परीक्षांची तयारी करीत असतात, त्या घरांत पेटीबरोबर काही समजुतीही, कोणी तपासून न पाहता, वारसाहक्काने नांदत असतात. त्यांतली सर्वांत रुजलेली ही, की पांढऱ्या पट्ट्या म्हणजे शुद्ध स्वर आणि काळ्या म्हणजे विकृत. पहिला धडा पांढरी एकला षड्ज धरून दिला असेल तर ते अक्षरशः खरे ठरते. परंतु पुष्कळ पुरुष गायकांची पट्टी जी काळी एक, तिला षड्ज मानताच सारा हिशेब उलटतो. रिषभ काळी दोनवर, मध्यम, पंचम, धैवत अनुक्रमे काळी तीन, चार, पाचवर येतात. शुद्ध गंधार आणि निषाद तेवढे पांढऱ्यांत राहतात, आणि कोमल रे, ग, ध, नी व तीव्र मध्यम हे पाचही विकृत स्वर निरपवादपणे पांढऱ्या पट्ट्यांवर सापडतात! हे पेटी पुढ्यात घेऊन मुलाने स्वतः पडताळावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण स्वराची ओळख षड्जापासूनच्या अंतराने होते, पट्टीच्या रंगाने नव्हे, हे बोटांना एकदा उमगले की पट्टी बदलल्यावर गोंधळ उडत नाही.

दुसरी समजूत अशी, की रागाचे स्वर कळले म्हणजे राग कळला. भूप आणि देशकार या दोघांचेही स्वर सा, रे, ग, प, ध हे पाचच. तरीही भूप कल्याण थाटातला, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर विसावणारा. आणि देशकार बिलावल थाटातला, सकाळचा, ज्याचा वादी धैवत असल्याने सारा ओढा सप्तकाच्या उत्तरांगाकडे. दिवाळी पहाटेच्या मैफलीत देशकार ऐकून ‘हा भूपच’ म्हणणाऱ्याचे कान स्वर ओळखण्यात चुकलेले नसतात. गायक कोणत्या स्वरावर थांबतो, इकडे मात्र त्याचे लक्ष गेलेले नसते. भातखंड्यांचे दहा थाट ही रागांच्या वर्गीकरणाची सोय आहे; थाट कोणी गात नाही.

ताल आणि लय एकच मानण्याची चूक लवकर सुटते: सोळा मात्रांचा त्रिताल विलंबितात वाजो की द्रुतात, तो त्रितालच राहतो, बदलते ती लय. ‘खाली’चा मामला मात्र जरा नाजूक आहे. नवव्या मात्रेला हात बाजूला जातो म्हणून तिथे तबला गप्प होतो असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ठेका अखंड चालू असतो, आणि दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा तेवढा काढून घेतल्याने ‘धिं’च्या जागी ‘तिं’ उमटतो. हा घुमारा चौदाव्या मात्रेला परत येतो. बोटांवर सोळा मोजण्यात गुंतलेल्या मुलाला तो ऐकायला शिकवावे, म्हणजे सम आणखी तीन मात्रांवर आहे हे त्याला न मोजता कळेल.