निळा पासपोर्ट, शेवटचा शिक्का

‘वकिलातीत जाऊन नागरिकत्व सोडून आलास?’ मित्र विचारतात. बॉस, ते आधीच सुटलेलं असतं! १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. खिडकीवर जमा होतो तो फक्त पासपोर्ट. ‘कॅन्सल्ड’ शिक्क्यानिशी तो परत मिळतो, सोबत सरेंडर सर्टिफिकेट. ते जपा, ओसीआय कार्डासाठी लागतं.

शिक्का पडताना मात्र पोटात खड्डा पडला. आत कॉलेजातला माझा फोटो, आईने भांग पाडून दिलेला.

आणि ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे हं. मतदान नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. गावाकडचे शेताला लागून असलेले दहा गुंठे बाबांना माझ्या नावाने घ्यायचे होते. आता ताईच्या नावाने घेतील.