पत्र्याच्या पट्ट्याने तारलेला पक्षी

काकाकुवा म्हटला की आपल्यासमोर उभा राहतो पिंजऱ्यातला, पिवळा तुरा मिरविणारा पांढराशुभ्र पक्षी. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावरचा रानकाकाकुवा मात्र काळपट, मितभाषी आणि कमालीचा हट्टी आहे. आपल्या किनाऱ्यावरील सुरूच्या कुळातल्या एकाच झाडाचे बी, हाच जवळजवळ त्याचा सारा आहार. जुनाट निलगिरीची ढोली हे घर. आणि विणीला अंडे एकच! हा चोखंदळपणा कोणाला वेडेपणा वाटेल. मला त्यात इमान दिसते. ते एकुलते अंडेही पॉसम हा झाडावर चढणारा प्राणी फस्त करी. १९९५च्या सुमारास बेटावर दोनशेही पक्षी उरले नव्हते. मग संरक्षकांनी ढोलीच्या झाडांना गुळगुळीत पत्र्याचे पट्टे गुंडाळले. पॉसमचे पाय घसरू लागले, पिले जगू लागली. वीसेक वर्षांत संख्या साडेतीनशेपलीकडे गेली. २०१९-२०च्या वणव्यांत जवळजवळ निम्मे बेट होरपळले. पक्षी पुष्कळसे बचावले, परंतु त्यांच्या अन्नवृक्षांचा मोठा हिस्सा भस्मसात झाला. नवे रोप फळास येण्यास काही वर्षे लागतात. ढोली पडण्यास मात्र शतकाहूनही अधिक काळ जावा लागतो.