शाईची मक्तेदारी आणि आपला हरकतीचा हक्क

पेटंट हा शब्द कानावर आला की आपल्या माणसाला वाटते, हा विषय मोठ्या कंपन्यांचा आणि दिल्ली-मुंबईच्या वकिलांचा आहे. शिष्यवृत्ती, जमिनीचे पट्टे, ॲट्रॉसिटीचे खटले यांच्या धावपळीत आंबेडकरी कार्यकर्त्याने त्यात कशाला पडावे? हा समज घातक आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने पेटंटचा कागद कधी पाहिला नसेल, पण त्याचे पैसे त्याने वर्षानुवर्षे मोजले आहेत.

बीटी कापसाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २००२ साली बीटी बियाण्याला देशात परवानगी मिळाली. २००८ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीला भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ मिळाले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात तंत्रज्ञानाचे मूल्य म्हणून वेगळी रक्कम धरलेली असे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली आणि त्यातील तंत्रज्ञानाचा वाटा ४९ रुपयांवर आणला. २०२० मध्ये तो शून्य झाला. वणी, मारेगाव, पांढरकवड्यापासून पुसद-उमरखेडपर्यंत ज्यांनी पऱ्हाटी लावली, त्यांनी तोवर हा वाटा भरला होता.

मुळात अशा गोष्टीला पेटंट देता येते का, हा प्रश्न मात्र उच्च न्यायालयात निकाली निघाला तो पेटंट देऊन दहा वर्षे झाल्यावर. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) चा आधार घेऊन हे पेटंट टिकत नाही असे म्हटले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवले. म्हणजे पेटंटचे बहुतेक आयुष्य संपत आले तरी मूळ प्रश्न लोंबकळतच होता. यातून एकच धडा घ्यायचा. पेटंट मिळाल्यावर आरडाओरड करण्यापेक्षा ते तपासले जात असताना प्रश्न विचारला पाहिजे.

बियाणे ही कापसाच्या प्रवासाची सुरुवात झाली. याच प्रवासाच्या शेवटच्या टोकाला, कापडावरच्या रंगात, आज पेटंटची दुसरी शर्यत चालू आहे. ती आहे कापडावर छपाई करणाऱ्या इंकजेट शाईची. पूर्वी कापडावर ठसा, ब्लॉक किंवा स्क्रीन लावून छपाई व्हायची. आता कागदाच्या प्रिंटरसारखे यंत्र केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब थेट कापडावर सोडते. स्क्रीन बनवण्याचा खर्च नाही, दहा मीटर माल हवा असेल तर दहाच मीटर छापता येतो. छोट्या गावातल्या तरुणाला धंदा उभा करायला ही चांगली गोष्ट आहे. प्रश्न आहे तो शाईचा.

जयंतीच्या मिरवणुकीत आणि दीक्षाभूमीवर जे निळे झेंडे, पताका, टी-शर्ट दिसतात त्यांतले बरेचसे पॉलिएस्टरचे असतात. त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. पॉलिएस्टरसाठीची सबलिमेशन शाई कागदावर छापायची, कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश उष्णतेने दाबायचा, की रंगाची वाफ होऊन तो धाग्यात शिरतो. धुणे नाही, वाफारा नाही. ही शाई कापसाच्या धाग्यावर टिकत नाही. सुती कापडाला रिॲक्टिव्ह शाई लागते. त्यासाठी कापडाला आधी सोडा, युरिया आणि खळ लावून वाळवायचे, मग छापायचे, मग वाफ द्यायची आणि शेवटी भरपूर पाण्यात धुवायचे. एवढे सगळे करायला छोट्या दुकानदाराकडे ना जागा, ना पाणी. म्हणून तो पॉलिएस्टरकडे वळतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल करून राष्ट्रध्वजही पॉलिएस्टरचा चालेल असे सरकारने ठरवले. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापसाचा झेंडा महाग आणि पेट्रोलियमपासून बनलेल्या धाग्याचा झेंडा स्वस्त! यवतमाळच्या कापसाचे गिऱ्हाईक अशा रीतीने एका शाईमुळे कमी होते.

म्हणूनच सुती कापडावर वाफ आणि धुण्याशिवाय टिकेल अशी शाई बनवण्याची धडपड जगभर चालू आहे. त्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धाग्याशी चिकटवणारे राळेसारखे द्रव्य असते. छापल्यावर उष्णता दिली की काम झाले. अशी उत्तम शाई ज्याच्या हाती, त्याच्या हाती उद्याच्या सुती छपाईचा भाव. त्याला पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे दुसऱ्या कोणाला ती शाई त्याच्या परवानगीशिवाय बनवता किंवा विकता येणार नाही. इचलकरंजी-भिवंडीच्या रंगवाल्यालाही नाही आणि यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत उद्या कारखाना काढू पाहणाऱ्या आपल्या पोरालाही नाही.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. ज्याने खरोखर नवे काही शोधले त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. पण नवे कशाला म्हणायचे? शाई म्हणजे शेवटी रंग, पाणी, ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, साबणासारखे एखादे द्रव्य, बुरशी रोखणारे औषध आणि चिकटवणारी राळ यांचे मिश्रण. यातला प्रत्येक घटक जुना आहे. मग अर्जदार लिहितो: अमुक घटक पाच ते चाळीस टक्के, तमुक घटक एक ते तीस टक्के, आणि या सगळ्यावर माझा हक्क. इतक्या रुंद जाळ्यात उद्या कोणाचीही शाई अडकेल. इथे १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(ई) उभे राहते. नुसती सरमिसळ, जिच्यात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, ती शोध ठरत नाही. एकत्र आल्यामुळे बेरजेपलीकडचा परिणाम घडतो, हे अर्जदाराने आकड्यांनी दाखवले पाहिजे. धुतल्यावर, घासल्यावर, उन्हात ठेवल्यावर रंग किती टिकला, यंत्राची छिद्रे किती वेळ मोकळी राहिली, जुन्या शाईशी तुलना केली का, आणि पाच टक्क्यांवर केलेल्या प्रयोगाच्या बळावर चाळीस टक्क्यांपर्यंतचा हक्क कसा मागता, हे प्रश्न पेटंट तपासनिसाने विचारायचे असतात. तो ढिला पडला तर सार्वजनिक ज्ञानाला खासगी कुंपण पडते.

या तपासणीची रीत गुप्त नाही. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मग अर्जदाराच्या मागणीवरून तपासणी होते, पहिला तपासणी अहवाल निघतो, अर्जदार उत्तर देतो, गरज पडल्यास सुनावणी होते. हे कागद पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, कलम २५(१) प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. ती कंपनी असावी लागत नाही, तिचा धंदा बुडत असल्याचे दाखवावे लागत नाही. पेटंट मिळाल्यावर मात्र एक वर्षाच्या आत आणि हितसंबंध असलेल्यालाच विरोध करता येतो. २०२४ च्या नियमांनी या पहिल्या हरकतीवरही शुल्क बसवले आणि ती दखलपात्र आहे की नाही हे कंट्रोलरने आधी ठरवावे अशी पायरी घातली. दार अजून उघडे आहे, पण फट अरुंद झाली आहे. याविरुद्ध आपल्या किती संघटनांनी आवाज उठवला?

हरकतीला पुरावा लागतो. १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने लिखाण पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या कायद्यातले कलम २५(१)(के) तर स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही पुरावा मानते. रंगारी, छिपे, कोष्टी आणि विदर्भातल्या खेड्यांत जाडेभरडे कापड विणणारे आपले महार पूर्वज यांच्या हातातले ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, कारण लिहिणारे हात वेगळे होते. आता ते लिहून तारखेसह छापून ठेवणे हेही चळवळीचे काम आहे.

ज्ञानाची मक्तेदारी आपल्याला नवी नाही. पेटंटवाल्याला निदान आपला शोध सविस्तर उघड करून सांगावा लागतो आणि २० वर्षांनी तो सगळ्यांचा होतो. वर्णव्यवस्थेने विद्या कधी उघड केली नाही आणि तिच्या मक्तेदारीला मुदतही नव्हती. यंत्र आले म्हणून जात गेली असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. यंत्राच्या कोणत्या टोकाला कोण उभा राहील, हे कोण ठरवते, असा तो प्रश्न होता. १९४७ मध्ये ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी त्यांनी केली, तीही खासगी मक्तेदारीचा धोका ओळखूनच. शाईच्या पेटंटकडे याच नजरेने पाहिले पाहिजे.

निळ्या रंगाचाच इतिहास पाहा. नीळ आपल्या मातीत पिकत होती. बायर या जर्मन शास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत तयार केली, त्याच्या पेटंटचे हक्क जर्मन कंपन्यांनी घेतले आणि १८९७ मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. काही वर्षांतच भारतातली निळीची शेती कोसळली. यवतमाळच्या लोहाऱ्यात डेनिमचे कापड बनते, त्याची निळाई याच रसायनाची आहे. रंगाचा शोध दूरच्या देशात लागतो आणि त्याचा हिशेब इथल्या शेतात होतो.

मग करायचे काय? पेटंट तपासनिसांचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या नागपुरात आहे. २०२३ मध्ये पेटंट तपासनिसांच्या ५५३ पदांची जाहिरात निघाली होती. एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांसाठी ही राजपत्रित पदे आहेत आणि त्यांना आरक्षण लागू आहे. विज्ञानाची पदवी आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्ह्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे कोणी सांगितले आहे का? एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या पलीकडे आपल्या मार्गदर्शन शिबिरांची नजर का जात नाही? ज्या विहारात सायंकाळी अभ्यासिका चालते, तिथे आठवड्यातून एक तास एखादा पेटंट अर्ज वाचायला बसता येईल. मुदत संपलेली आणि भारतात न घेतलेली पेटंटे तर कोणालाही वापरायला मोकळी आहेत. त्यातून शाई बनवण्याचा लघुउद्योगही उभा राहू शकतो.

महाडच्या तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करायला १९२७ मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि पुढे दहा वर्षे कोर्टात लढावे लागले. ज्ञानाच्या तळ्याला कुंपण घालण्याचा अर्ज आज मुंबईच्या पेटंट कार्यालयात रीतसर टपालाने नाहीतर संगणकावरून येतो. त्यावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. तो बजावण्याइतका अभ्यास आपल्या तरुणांनी केलाच पाहिजे. जय भीम!