पतअहवालाची विनामूल्य नक्कल

सावकाराच्या खतावणीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पाहण्याची सोय पूर्वी ऋणकोस क्वचितच असे. परंतु २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याने तो हक्क त्यास दिला, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये २०१७ पासून सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांवर, ज्याच्या नावे कर्जाची नोंद आहे अशा प्रत्येकास, मागणी केल्यास वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देण्याचे बंधन आले.

अहवाल हाती येताच बहुतेकांची दृष्टी ३०० ते ९०० यांमधील गुणांकावर खिळते; माझ्या मते मात्र खरे वाचावयाचे ते महिनेवार कोष्टक. हप्ता किती दिवस थकला हे त्यात नमूद असते : ००० म्हणजे थकबाकी नाही, ०३० म्हणजे तीस दिवसांचा विलंब. खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा असेल, तर बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली असा त्याचा अर्थ, आणि पुढला धनको त्यास पूर्ण फेडीची प्रतिष्ठा देत नाही. तडजोडीच्या कागदावर सही करणाऱ्या गरजू माणसास हे आधी कोणी समजावून सांगत नाही, याचा मला मनस्वी विषाद वाटतो.

स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने गुणांक घटत नाही. न घेतलेले कर्ज किंवा फिटूनही चालू दिसणारे खाते आढळल्यास कंपनीकडे तक्रार गुदरावी; ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास, एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे, तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई मिळते. त्यासाठी तक्रारीचा क्रमांक आणि बँकेचा बेबाकी दाखला दप्तरी जपून ठेवावा.