मन शांत करणारीं औषधें व वृद्धांची वाचा

इगतपुरीकडील शेतकरी बंधूंस कुंपणावर चढणारी खाजकुइली चांगली परिचित आहे; सर्पगंधाही निदान नांवानें ठाऊक असेल. वृद्धांच्या एका दुखण्याचा उलगडा या दोन वनस्पतींवरून होतो.

सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो, हें मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं मांडलें. १९५२ सालीं तिच्या मुळांतून रिसर्पिन हें द्रव्य निघालें व तें पुढें वेडावरही देऊं लागले. परंतु कित्येकांचे हात कांपूं लागले व चेहरा निश्चल झाला. १९५७ सालीं स्वीडनचे कार्लसन यांनीं दाखविलें कीं, रिसर्पिननें निपचित पडलेले ससे डोपा देतांच पुन्हां हालचाल करतात. हेंच डोपा खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच वेगळें केलें होतें. शरीरांत त्याचें डोपामिन होतें, व स्नायूंची हालचाल त्यावर चालते.

कंपवातांत डोपामिन मुळांतच कमी पडतें. रोग्यास भास होऊं लागल्यास कधीं हॅलोपेरिडॉलसारखें औषध देतात. तें डोपामिनचेंच काम अडवितें. आटलेल्या पाटावर बांध घालावा, तशांतला हा प्रकार. जीभ, ओठ व घसा मंदावतात. आवाज खोल जातो, शब्द गुंततात, घांस अडकतो. लेवी बॉडी नांवाच्या स्मृतिभ्रंशांत तर अल्प मात्राही जिवावर बेतूं शकते.

रोगानें वाचा सावकाश, महिन्यावर्षांनीं खालावते. नवें औषध सुरू होऊन थोड्याच दिवसांत ती खालावली, तर औषधाचा संशय घ्यावा. औषधाचें नांव, मात्रा व तारीख लिहून डॉक्टरांस दाखवावी. आपल्या मनानें औषध बंद करूं नये. भासाचें कारण लघवीचा विकार किंवा दुसरें औषधही असूं शकतें. जरूरच पडल्यास क्वेटियापिन किंवा क्लोझापिन अल्प मात्रेनें देतात. एकाएकीं वाचा जाऊन तोंड वांकडें झालें, किंवा ताप येऊन अंग ताठलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. खाजकुइलीच्या बिया घरीं कुटून देऊं नयेत. मात्रा कळत नाहीं व भास वाढतात.

शेवटीं एक गोष्ट. वाचा गेली म्हणजे बुद्धि गेली, असें नव्हे. वांटणीच्या जबाबाचे वेळीं वडील मनुष्य अस्पष्ट बोलतो म्हणून त्यास वगळणें हा अन्याय होय. त्यास एकेक लहान प्रश्न विचारावा, उत्तरास पुरेसा वेळ द्यावा, खूण किंवा लेखन चालवून घ्यावें. समज आहे कीं नाहीं, तें त्यानंतर ठरवावें. औषध बदलून वाचा सुधारण्यासारखी असेल, तर कागद कांहीं दिवस थांबूं शकतो.